दाराबाहेरचं स्टूल

शिंप्याच्या दुकानात तिला सगळे मावशी म्हणायचे. मालकसुद्धा, आणि तो तिच्याहून चांगला पाच वर्षांनी मोठा होता. काजं-बटणं आणि हातशिलाई हे तिचं काम. तिने केलेलं काज कापड विरलं तरी उसवायचं नाही. पण दिवसाआड साडेपाच वाजले की अर्धं राहिलेलं काजही तसंच टाकून ती उठायची. मालक आधी कुरकुरला. मग एकदा तिने त्याला कारण अगदी खुलासेवार सांगितलं, तेव्हापासून तोच पाच पंचवीसला घड्याळाकडे बघायला लागला.

कारण असं, की तिच्या लेकीला जन्मापासून स्पायना बिफिडा होता. पाठीचा कणा खालच्या बाजूला नीट मिटलाच नव्हता. त्यामुळे पायांत बळ नाही आणि आतड्यांना निरोप वेळेवर पोचत नाही. दिवसाआड नळीने कोमट पाणी आत सोडायचं आणि पोट साफ होईपर्यंत कमोडवर बसून राहायचं. लेक पाच वर्षांची होती तेव्हापासून अकरा वर्षं सहा ते सात हा तास दोघींचा. लेक कमोडवर, आई समोर बुटक्या लाकडी स्टुलावर. पोर कंटाळायची, म्हणून मावशीने एक गोष्ट रचली. एक विसरभोळा पोस्टमन असतो, त्याच्या पिशवीत एकच पत्र उरलेलं असतं आणि त्यावरचा पत्ता पुसून गेलेला असतो. मग काय, तो दारोदार विचारत फिरतो. गोष्ट अकरा वर्षं पुरली.

सोळावं सरलं आणि लेकीने दवाखान्यातल्या नर्सकडून सगळं शिकून घेतलं. "आई, आता माझं मी करीन," ती म्हणाली. "तेवढं स्टूल बाहेर ने." मावशी हे सगळ्यांना सांगत सुटली. अभिमान होताच, तो खोटा नव्हता. पण त्या दिवसापासून सहाचा तास तिला खायला उठायचा. स्टूल तिने न्हाणीघराच्या दाराबाहेर ठेवलं, ते तिथेच राहिलं. त्यावर बसून ती भाजी निवडायची आणि आतल्या पाण्याचा आवाज ऐकायची. गोष्टीतला पोस्टमन तेव्हा नावेत बसला होता आणि शेजारच्या बोकडाने पत्राचा कोपरा तोंडात धरला होता. त्याचं पुढे काय झालं, हे लेकीने विचारलं नाही. आईनेही सांगितलं नाही. अशी दोन वर्षं गेली.

मग दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दोघींना बोलावून घेतलं. "असा आजार असलेल्या मुलांची आतडी संथ चालतात," त्या म्हणाल्या, "मग आत राहणारे जिवाणूही वेगळे असतात का, ते आम्हाला बघायचंय. पाणी सोडायच्या आधी शौचाचा थोडा नमुना घ्यायचा. आणि तुलनेसाठी घरातल्या एकाचा. तुमचा चालेल, मावशी."

"माझा? माझ्यात काय बघण्यासारखं आहे?"

"एका घरात राहणाऱ्यांचे जिवाणू थोडेफार सारखे असतात."

मावशीने लेकीकडे बघितलं. पुढच्या महिन्यात लेक कॉलेजच्या हॉस्टेलवर जाणार होती. "आणि त्यातलं एक जण दुसरीकडे राहायला गेलं तर?"

"मग हळूहळू बदलतात."

"सगळेच?"

"सगळे नाही. काही राहतात. किती, ते मात्र सांगता यायचं नाही."

दोन्ही नमुने फ्रीजरमध्ये गेले, मटारच्या पिशवीमागे, एकमेकांना खेटून. मावशी बर्फ काढायला गेली की त्या दोन बाटल्यांकडे बघत उभी राहायची. कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण दोन वर्षांत दोघींचं काही इतकं जवळ राहिलं नव्हतं, हे खरं होतं.

नमुन्यांसोबत दोन आठवड्यांचा तक्ता होता. सात ओळी. किती पाणी, किती वेळ, मदत कोणाची. लेक वेळ आणि पाणी लिहायची. मदतीचा रकाना रिकामा दिसला की मावशी हातासरशी लिहून टाकायची, आई. सहाव्या ओळीनंतर ते लेकीच्या लक्षात आलं.

"आई, हे काय? खोटं का लिहिलंस? संशोधन चाललंय त्यांचं!"

"सवयीने लिहिलं गं."

"दोन वर्षं झाली मला एकटीने करायला!" लेकीने सहाच्या सहा ओळी खोडल्या आणि प्रत्येकीपुढे ठळक अक्षरात लिहिलं, स्वतः. लेकीचं बरोबरच होतं.

सातव्या ओळीच्या दिवशी हॉस्टेलचं पत्र आलं. खोली मिळाली होती. सहाला लेक आत गेली. एरवी तिला अर्धा तास लागायचा. त्या दिवशी सात वाजले तरी दार बंदच. मावशी स्टुलावर बसून होती, मांडीवरची भाजी तशीच. हाक मारायची नाही, असं तिने मन घट्ट करून ठरवलं होतं.

"आई." आतून आवाज आला, रडवेला. "होतच नाहीये काही. पोट अडून बसलंय."

"आत येऊ?"

"नको."

आत नळ ठिबकत होता.

"त्या बोकडाने पत्र खाल्लं का गं शेवटी?"

मावशीने मांडीवरची भाजी खाली ठेवली. "खाल्लं ना. अख्खं. तिकिटासकट."

"मग?"

"मग काय. पोस्टमनने बोकडाला घट्ट धरलं. म्हणाला, पत्र आता तुझ्या पोटात आहे, तेव्हा दारोदार तूच चल माझ्याबरोबर."

आतून खुदकन हसू आलं. "बोकडाचा पण नमुना घ्यावा लागणार!"

मावशी बंद दाराला पाठ टेकून सांगत राहिली. बोकड तीन गावं हिंडला, एका न्यायाधीशाची टोपी खाऊन बसला, आणि मग आत पाणी वाजलं.

दुसऱ्या दिवशी तिने बाटल्या आणि तक्ता दवाखान्यात नेऊन दिला. डॉक्टरीणबाई एकेका ओळीवरून बोट फिरवत सातव्या ओळीपाशी थांबल्या. लेकीचंच अक्षर होतं.

"वेळ, एक तास दहा मिनिटं. मदत, आई, दाराबाहेरून." त्यांनी वर बघितलं. "म्हणजे नक्की काय केलंत, मावशी?"

"गोष्ट सांगितली."

घरी येताना तिने बोटांवर मोजलं. दिवसाआड धरलं तर लेक जाईपर्यंत अजून पंधरा संध्याकाळी होत्या. तोवर काही झालं तरी पोस्टमनचं पत्र पोचू द्यायचं नाही, एवढं तिने ठरवून टाकलं.