चिलापीचा रस्सा

आमच्या पुढच्या खोलीत मासे ठेवायची काचेची पेटी होती. मी कारखान्यात फिटर. लोखंडी चौकट मीच जोडली, काचा मीच बसवल्या. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट असेल. लोक लाल-सोनेरी मासे ठेवायचे. मी गंगापूर धरणावरच्या कोळ्याकडून चिलापीची जोडी जिवंत आणली. तो म्हणाला, हा आफ्रिकेतला मासा, सरकारनं इकडं आणून सोडला. मला तेवढंच पुरलं. येईल त्याला सांगायचो, आफ्रिकेचा आहे. लोक हसायचे. बाजारात वाट्यानं मिळतो तो मासा ह्यानं काचेत ठेवलाय!

नर काळाकुट्ट, शेपटीला लाल कड, वितीपेक्षा मोठा. दिवसभर वाळू उकरून खड्डा करायचा. मादी करडी, साधी. ती बायकोच्या बोटातनं कणकेची गोळी घ्यायची. माझ्या हाताला कधी आली नाही.

मग मादीनं खाणं सोडलं. गळा फुगलेला, तोंड घट्ट मिटलेलं. मधूनच काहीतरी चघळल्यासारखं करायची.

बायको म्हणाली, "अहो, हिनं तोंडात काहीतरी धरलंय."

"गळ्याचा रोग आहे. तुला काय कळतं?"

मलाही काही कळत नव्हतं.

त्या रविवारी आमचे फोरमन आणि खात्यातले दोघं जेवायला आले. फोरमन पेटीपुढं उभे राहिले. "काय रे, देव्हाऱ्यात बसवल्यासारखे बसवलेस. हे पूजेचे का रश्श्याचे?"

दुसरा म्हणाला, "साहेब, ह्याच्या घरात माशाला बंगला आणि ह्याला चटई."

सगळे हसले. मीपण हसलो, पण कान तापले. बाही वर केली, पेटीत हात घातला. म्हणालो, "तशीही मरायला टेकलीय. आज हिचाच रस्सा."

बायको दारात उभी होती. पाहुण्यांसमोर ती मला कधी अडवायची नाही. त्या दिवशी बोलली. "तिला नको हो. दोन दिवस थांबा."

"मसाला वाट," मी म्हणालो.

पाण्याबाहेर काढला की मासा तोंड उघडतो. हिनं उघडलं नाही.

थोड्या वेळानं मोरीतनं हाक आली, "इकडं या जरा." गेलो. मासळीचं तोंड तिनं उघडलं होतं आणि आतनं पिल्लं निघाली होती. जिऱ्याएवढी, वळवळत, नुसते डोळेच दिसत होते. मादी त्यांना तोंडातच जपत होती. तिनं ती पाण्याच्या पातेल्यात घेतली होती. माझ्याकडं बघितलं नाही.

"बाहेर बोलू नको," मी म्हणालो. तेवढंच सुचलं मला.

तिनं रस्सा केला, वाढला. फोरमन म्हणाले, "वहिनी, हाताला चव आहे तुमच्या." ती म्हणाली, "घ्या ना अजून." मी दोनदा वाढून घेतला. चांगला झाला होता, हेपण लिहितो.

पिल्लं तिनं आधी पातेल्यात, मग हंड्यात वाढवली. उकडलेल्या अंड्याचा बलक चिमटीनं सोडायची. बोटाएवढी झाल्यावर पिल्लं आणि काळा नर, सगळे डब्यात घेऊन धरणाच्या बसला निघाली. मी मागं गेलो. "आण, मी धरतो."

"राहू द्या."

जाताना सगळा वेळ डबा मांडीवर. पाणी सांडून लुगडं ओलं झालं, पण मला हात लावू दिला नाही. घरी आल्यावर काचेच्या पेटीत तिनं कांदे भरले.

माझ्या ताटात तिनं मासा पुढंही वाढला. स्वतः कधी खाल्ला नाही. कुणी विचारलं तर सांगायची, "मला लहानपणापासून वासच सहन होत नाही." मी जवळ असलो तरी हेच सांगायची.

आता ती गेली. दिवस झाल्यावर तिच्या नावानं पान वाढायचं होतं. मेहुणी इगतपुरीहून आली होती, स्वयंपाक तिच्याकडंच होता.

"दाजी, थोडा मासा करते. अक्काला लय आवडायचा. ओढ्यावर मासे धरले की डोकं तिलाच लागायचं, आम्हाला देती का काय!"

शेजारीण म्हणाली, "अहो, त्यांना तर वासपण चालायचा नाही."

"कुणी सांगितलं?" मेहुणी म्हणाली, आणि दोघी माझ्याकडं बघायला लागल्या.

सांगायचं होतं. तोंड उघडलंपण. आणि म्हणालो, "नको. तिला वास सहन व्हायचा नाही."

माझ्यासाठी तिनं रचलेलं वाक्य. तेच पुढं केलं.

मेहुणीनं पानावर वरणभात वाढला.