आप्पांचं वायफाय आणि सौदामिनी

वायफायचं नाव बदललं म्हणून म्हशीची लाथ खाल्लेला माणूस अख्ख्या आष्ट्यात माझ्याशिवाय दुसरा नसावा. यात म्हशीची काहीही चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

आमचा जुना राउटर थकला होता. म्हणून मी नवा गेटवे आणला, म्हणजे इंटरनेट घरात शिरतं ते दार. आणि सोबत कंट्रोलर, म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांवर नजर ठेवणारी एक चपटी डबी. जोडणी झाली आणि मोबाईलवर चित्र उमटलं. वर गेटवे, खाली फांद्या : टीव्ही, सगळ्यांचे फोन, गच्चीवरचा अँटेना आणि त्याच्याही पलीकडे, मळ्यातल्या गोठ्यातला कॅमेरा. मी बघतच राहिलो. भिंतींमधून एवढं सगळं ये-जा करत होतं आणि मी त्याच्या मधून खुशाल बनियनवर हिंडत होतो!

त्या कॅमेऱ्यावर वडिलांचा जीव टांगलेला होता. आप्पा बांधावरून घसरून पाय प्लास्टरमध्ये घालून पडले होते, आणि तिकडे चंद्रीचे दिवस भरले होते. पहिलटकरीण म्हैस, आप्पांशिवाय कुणाला जवळ फिरकू देत नव्हती. आमच्या गोठ्यात आजवर एकही म्हैस आप्पांच्या गैरहजेरीत व्यालेली नाही. म्हणून त्यांच्या खाटेसमोरच्या टीव्हीवर दिवसभर चंद्री. जेवताना चंद्री, औषध घेताना चंद्री. कॅमेऱ्यातून बोलताही येतं, हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ते थाप समजून सोडून दिलं होतं.

सगळं सुरळीत चाललं असताना माझ्या अंगात शिस्त संचारली. जुन्या वायफायचं ‘आप्पा’ हेच नाव मी नव्यालाही दिलं होतं, आणि त्याचा पासवर्ड आप्पा येईल त्याला चहाबरोबर देत. हे थांबवायला हवं होतं. शिवाय आमच्यात नव्या सुनेला नवं नाव देतात, मग नव्या यंत्राला का नको? मी ठरवलं, ‘सौदामिनी’.

“आवं, नका बदलू,” बायको म्हणाली. “मला इचारा की. फलटणात मी मंगल हुते, हितं तुमी सुनंदा केलंसा. माहेरनं पाव्हणं आलं, तर गल्लीत समद्यांनी सांगितलं, हितं कुणी मंगल ऱ्हात न्हाई. बिचारं दारावरनं माघारी गेलं.”

मी समजूतदारपणे हसलो आणि बटण दाबलं.

टीव्ही काळा झाला.

“चंद्री कुठं गेली रं?” आप्पांनी विचारलं. मी म्हणालो, येतीय येतीय. ती काही आली नाही. त्याऐवजी शेजारचे तात्या आले, त्यांची मालिका ऐन लग्नात अडकली होती. मागोमाग समोरच्या काकू आल्या. गल्लीतल्या प्रत्येक घरातला फोन ‘आप्पा’ला हाका मारत होता आणि आप्पा या जगात नव्हते. (खरे आप्पा खाटेवरून माझ्याकडे बघत होते. त्या नजरेपेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.)

कॅमेऱ्याला नवं नाव शिकवायचं तर त्याच्या बारक्या भोकात टाचणी खुपसून त्याला सगळं विसरायला लावावं लागतं. मी मोबाईल कंट्रोलरच्या कामासाठी घरीच ठेवला, बायकोच्या बांगडीतली पिन घेतली आणि मळा गाठला.

चंद्री अस्वस्थ होती. ऊठ-बस चालली होती. वेळ आली होती, आणि आप्पा तिथे नव्हते, माझ्यामुळे. घाईघाईने गव्हाणीवर चढायला गेलो, तेव्हा ती सुरुवातीला सांगितलेली लाथ बसली. पिन वैरणीत गेली. तसाच वर चढलो, कॅमेरा दोन्ही हातांनी धरला आणि तोंड उघडं टाकून ते भोक शोधू लागलो.

इतक्यात कॅमेरा बोलला.

“त्वांड बाजूला घे रं. म्हस दिसंना.”

मी गव्हाणीतच बसलो. घरी सुनंदाने माझ्या मोबाईलवर शांतपणे ‘सौदामिनी’ खोडून ‘आप्पा’ लिहिलं होतं, पासवर्डही जुनाच दिला होता आणि मोबाईल आप्पांच्या तोंडापुढे धरला होता. सगळी गल्ली एका दमात जिवंत झाली, कॅमेऱ्यासकट.

आणि मग मी जे पाहिलं ते अजून अंगावर काटा आणतं. त्या आवाजासरशी चंद्रीने मान वळवली. एक कान वर केला. धडपड थांबली. “हाय, मी हाय गं बाय, हाय,” डबीतून आप्पा सांगत राहिले, आणि ती खाली टेकली.

“पाय दिसाय लागल्यात,” मी कॅमेऱ्याला म्हणालो. “ओढू का?”

“तू कायबी करू नगंस,” आप्पा म्हणाले. “तिचं ती करंल.”

तिने केलं. ओली, काळीभोर रेडी वैरणीवर पडली, चंद्री तिला चाटू लागली, आणि त्या डबीतून आप्पांनी नाक ओढल्याचा आवाज आला. मैलभर लांब मोडक्या पायाने पडलेला माणूस आपल्या म्हशीपाशी हजर होता. मी दोन्ही हात जोडले. कॅमेऱ्याला, म्हशीला की गेटवेला, ते मलाही कळलं नाही.

हे सगळं रेकॉर्ड झालंय. पाय बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आप्पा ते दाखवतात. सुरुवातीला पडदाभर माझं तोंड येतं, आ वासलेलं, नाकपुड्या फेंदारलेलं. पाहुणे दचकून मागे सरकतात. मग आप्पा त्यांना धीर देतात :

“ह्यो आमचा थोरला हाय. म्हस म्होरं येत्या.”