कॅप्टनकाका आणि टाकीची सावली

आमचं घर म्हणजे पंपाची खोली होती. कर्वेनगरच्या एका सोसायटीत, पार्किंगमध्ये, जिन्याखाली. अर्ध्या खोलीत पाण्याचा पंप आणि उरलेल्या अर्ध्या खोलीत आम्ही तिघं. यवतमाळकडे बाबा कापसाच्या ज्या जिनिंगमध्ये कामाला होते ते बंद पडलं, तेव्हा ते आम्हाला घेऊन पुण्यात आले आणि इथे वॉचमन झाले. सकाळी पंप सुरू झाला की भिंत थरथरायची आणि फळीवरची भांडी हळूहळू कडेकडे सरकायची. आई जाता-येता त्यांना मागे ढकलायची. माझा बारावीचा अभ्यास त्याच आवाजात झाला. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे मी बी.कॉम.ला प्रवेश घेतला तेव्हा बाबांनी गेट उघडता उघडता सोसायटीतल्या प्रत्येक गाडीवाल्याला ती बातमी सांगितली.

बहुतेकांनी मान हलवली. एकाने स्कूटर बंद केली, स्टँडवर लावली आणि विचारलं, "ते ठीक आहे. पण मुलीची शक्ती कोणती?"

बाबा गोंधळले. "तशी थोडी बारीक हाये जी. पन जेवते बराबर."

"ती शक्ती नव्हे हो. उडते, अदृश्य होते, भिंतीतून जाते, असं काही?"

"नाई जी. कॉमर्सले गेली."

"हरकत नाही," ते म्हणाले. "उशिरा प्रकट होते काहींची."

हे कॅप्टनकाका. सैन्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यातून निवृत्त झाले होते आणि अतिमानवांच्या इंग्रजी चित्रकथा वाचणं हा त्यांचा एकमेव उद्योग होता. त्या कथांमध्ये दर दुसरा माणूस कॅप्टन असतो, म्हणून सोसायटीतल्या मुलांनी त्यांनाही करून टाकलं. नवे भाडेकरू त्यांना खरोखरचे लष्करी समजून सॅल्यूट ठोकायचे. काकाही उलट सॅल्यूट करायचे. "त्यांचा उत्साह कशाला मोडा," म्हणायचे.

दिवाळी झाली की त्यांच्या डोक्यावर माकडटोपी चढायची ती होळीपर्यंत उतरत नसे. त्यावरही त्यांचं मत होतं. "मुखवटा म्हणजे शेवटी काय? नीट बेतलेली माकडटोपी. फरक इतकाच की ती घातली तरी मला सगळे ओळखतात. त्या वीरांना नुसती डोळ्यांभोवती पट्टी बांधली तरी सख्खी बायको ओळखत नाही. असल्या बायकोशी बोलायला हवं कोणीतरी." वीरांच्या पाठीवरच्या केपबद्दल तर ते एका वाक्यात निकाल द्यायचे. "लिफ्टच्या दारात अडकायची वस्तू."

सगळी मतं अशी क्लेम खात्यातून यायची. आकाशातून एखादा वीर उतरला आणि राक्षसाला त्याने तीन इमारतींमधून आरपार फेकला की आपण टाळ्या वाजवतो. काकांना आधी त्या तीन इमारती दिसायच्या. "पंचनामा कोण करणार? राक्षस पळाला, हे साहेब उडाले, खाली रहिवासी उभे टॉवेलावर. आणि कंपनी म्हणणार, दैवी आपत्ती, पॉलिसीत बसत नाही." पिक्चरमध्ये मारामारी करता करता विनोद करणारे वीर त्यांना अजिबात चालत नसत. "आमच्याकडे कोणी हसत हसत क्लेम घेऊन आला की मी तो पहिला बाजूला काढायचो."

मेलेले वीर पुढच्या अंकात परत येतात, याचा त्यांना सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. "मरायला ना नाही. परत यायलाही ना नाही. पण मधल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला कोणी दिला?"

त्यांच्या लेखी खरी वीर एकच होती. काळी घार. लोखंडी पंखांची बाई, दिवसा दातांची डॉक्टर. तिचं मूळ इंग्रजी नाव काहीतरी वेगळं आहे, पण काकांनी सगळ्यांची मराठी बारशी केली होती आणि माझ्यासाठी ती आजही काळी घारच आहे. तिच्याविरुद्ध धूमकेतू नावाचा एक उडता, बसगाड्या फेकणारा, जगभर लाडका गडी. धूमकेतू आणि घार लढले तर कोण जिंकेल, हा काकांच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. "घार. कारण ती जाताना काच फोडत नाही, खिडकी उघडून जाते. आणि मागून लावून घेते." यावर त्यांनी आयुष्यात कधी तडजोड केली नाही. त्यांच्या थोरल्या जावयाने एकदा जेवताना धूमकेतूची बाजू घेतली, तर काकांनी त्याला श्रीखंड वाढायचं थांबवलं.

काकूंनी घरात नियमच करून टाकला होता की मतं जिन्याखाली. त्यामुळे संध्याकाळी काका चित्रकथांची पिशवी घेऊन आमच्या खोलीत यायचे आणि पंपाला टेकून बसायचे. मला इंग्रजी वाचायला लावायचे. माझं इंग्रजी त्या पानांवर सुधारलं, हे मी कुठेही सांगायला तयार आहे. फक्त सुरुवातीला कॉलेजात मी कोणाशी साधं बोलले तरी शहर वाचवायला आल्यासारखी बोलायचे.

एकदा मी घारीची गोष्ट मोठ्याने वाचून मराठीत सांगत होते. आई भाकऱ्या थापत ऐकत होती. तिने मान वर न करता विचारलं, "ते रोज अशी उडत जाते, तं तिचं पोरगं कोन सांभाळते?"

काकांचा चहा हातातच राहिला. पुढचे कितीतरी दिवस ते अस्वस्थ होते. "एवढे अंक वाचले," ते मला म्हणाले, "हा मुद्दाच आला नाही समोर. तुझ्या आईला क्लेम खात्यात घ्यायला हवं होतं."

आता सभेबद्दल सांगायला हवं. सोसायटीची वार्षिक सभा थंडीत, रविवारी सकाळी गच्चीवर भरायची. पुण्यातलं थंडीचं ऊनही दहानंतर डोक्याला लागतं, म्हणून सगळे पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचे. सावली सरकेल तशा खुर्च्या सरकायच्या. बाराच्या सुमारास ती सोलरच्या पत्र्यांवर जायची, तिथे खुर्ची मावत नसे, आणि सभा संपायची. कोणी 'सभा संपली' असं म्हणायचंही नाही. राहिलेले विषय पुढच्या वर्षी. एवढी सुशिक्षित माणसं, पण सावलीशिवाय ठराव करायचा नाही, हे त्यांच्यात पक्कं होतं.

मी पहिल्या वर्षाला असताना सेक्रेटरींनी ऐनवेळच्या विषयांत एक विषय आणला. वॉचमन काढून एजन्सीचे गार्ड आणायचे आणि पंपाच्या खोलीत सभासदांसाठी व्यायामशाळा करायची. बाबा आणि मी खुर्च्या मांडत होतो, आमच्यासमोरच वाचलं त्यांनी. आमच्यासाठी हिशोब सरळ होता. खोली गेली की पुणं गेलं, आणि पुणं गेलं की कॉलेज गेलं.

त्याच्या आधीचा विषय गच्चीवरच्या डिश अँटेनांचा होता. काका उठले. माकडटोपी सारखी केली आणि म्हणाले, "अँटेनांना माझी हरकत नाही. पण उद्या एखाद्या अतिमानवाला तातडीने उतरायचं झालं, तर आपल्या गच्चीवर जागा कुठे आहे?"

"काका, विषयाला धरून बोला," सेक्रेटरी म्हणाले.

"धरूनच बोलतोय. तो पाय अडकून पडला तर जबाबदारी सोसायटीची."

आणि ते बोलत राहिले. उतरण्याचा वेग, पॅरापेटची उंची, धूमकेतूचं वजन, घारीच्या पंखांचा पसारा. लोक आधी हसले, मग कंटाळले, मग खुर्च्या सरकवत राहिले. सावली पत्र्यांवर गेली. आमचा विषय राहिला.

खाली येताना बाबा म्हणाले, "या मानसाले घरी कोनी बोलूच देत नाई का बाप्पा?" मलाही तेव्हा तेवढंच वाटलं.

दुसऱ्या वर्षी नवी लिफ्ट हा विषय होता. काका केपवर बोलले. पण या खेपेला एक गंमत झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मध्येच म्हणाल्या, "पण काय हो, उडता येत असताना तो लिफ्टने जाईल कशाला?" वरच्या मजल्यावरचा आयटीवाला म्हणाला, "आजी, लो प्रोफाइल ठेवायचं असतं त्याला." काकांकडून अंक नेऊन वाचायची मंडळी आता वाढली होती. खुद्द सेक्रेटरींच्या बाल्कनीत मी एकदा धूमकेतूचा अंक वाळत घातलेला पाहिला होता. चहा सांडला असावा. त्या वर्षीही विषय राहिला.

तिसरं वर्ष माझं शेवटचं. परीक्षा उन्हाळ्यात होती. तोवर खोली टिकली की झालं. आणि सभेच्या आठवड्यात काकांच्या घशावर छोटी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बोलायची सक्त मनाई केली होती.

त्या रविवारी काका मफलर, माकडटोपी आणि काकू अशा बंदोबस्तात गच्चीवर आले. काकूंच्या हातात काढ्याचा थर्मास होता आणि नजर काकांच्या तोंडावर. विषय भराभर संपले. कोणी काही बोलेचना. सावली अजून टाकीखाली ऐसपैस पसरलेली होती. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते आणि कप वाजू नयेत म्हणून तो पोटाशी दाबून धरला होता. बाबा जिन्याच्या दारात उभे होते, टोपी हातात घेऊन.

"आता पंपाच्या खोलीचं," सेक्रेटरी म्हणाले. "या वर्षी तरी मार्गी लावू. हात वर करा."

काकांनी हात वर केला. आईशप्पथ सांगते, मला ते मतच वाटलं. मग ते उठले. काकू म्हणाल्या, "अहो." त्यांनी काकूंकडे पाहिलं नाही. घशातून चाळणीवर खडे घासल्यासारखा आवाज काढून ते एकच वाक्य बोलले.

"धूमकेतू घारीला सहज हरवेल."

आणि खाली बसले.

मग आजी म्हणाल्या, "काहीतरीच काय. तुम्हीच तर सांगितलंत, ती खिडकी लावून घेते." आयटीवाला उभा राहिला. "काका, सॉरी, पण हे बेसिकमध्येच चुकतंय." सेक्रेटरी म्हणाले, "एक मिनिट, एक मिनिट, काका पहिल्यांदाच योग्य बोललेत. धूमकेतूची बस अडवेल का तुमची दातांची डॉक्टर?"

"सेक्रेटरीसाहेब, तुम्ही शेवटचा अंक वाचलाय का?"

"वाचलाय. दोनदा."

"मग कळला नाही तुम्हाला."

तिथून जे सुरू झालं ते कोणाच्या हातात राहिलं नाही. धूमकेतूवाले टाकीच्या डावीकडे, घारवाले उजवीकडे. सेक्रेटरी खुर्चीवर चढून बसगाडी कशी फेकतात ते दाखवत होते. आजींनी त्यांना पक्षपाती म्हटलं. काका मध्यभागी मांडीवर हात ठेवून काढा पीत बसले होते. सावली सरकत सरकत पत्र्यांवर चढली, तरी पहिल्यांदाच कोणाचं लक्ष गेलं नाही. शेवटी ऊन डोळ्यांवर आलं तेव्हा सगळे भांडत भांडतच जिना उतरले. हात कोणी वर केलेले, ते कोणाला आठवलं नाही.

मी काकांना आधार देऊन खाली आणत होते. दुसऱ्या मजल्यावर ते दम घ्यायला थांबले. मी विचारलं, "काका, मत बदललंत?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग काकू चार पायऱ्या पुढे गेल्याची खात्री करून कुजबुजले, "नोकरीभर एक खोटा क्लेम पास केला नाही. आज केला."

तीन वर्षं बाबा त्यांना रिकामटेकडे समजत होते आणि मी बडबडे. मी त्यांचा मफलर नीट केला.

परीक्षेनंतर आम्ही आपणहून खोली सोडली. मला नोकरी लागली आणि आम्ही वारज्याला भाड्याच्या दोन खोल्यांत गेलो. तिथे भांडी जागच्या जागी राहतात. आईला पहिले काही दिवस ते विचित्र वाटायचं. ती येता-जाता उगाच त्यांना हात लावायची. पंपाच्या खोलीत व्यायामशाळा झाली. पंप सुरू झाला की तिथलं चालायचं यंत्र आपोआप दाराकडे सरकतं म्हणे, त्यामुळे फारसं कोणी जात नाही.

कॅप्टनकाका गेल्या हिवाळ्यात गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकू खिडकीशी बसल्या होत्या. मी जवळ बसले तशा कोरडेपणाने म्हणाल्या, "ते म्हणायचे, मेलेला पुढच्या अंकात परत येतो. आले तर आधी हयातीचा दाखला मागणार आहे मी." मग त्यांनी उठून खिडकी लावून घेतली. नीट, कडी घालून.

निकालाच्या दिवशी मी पेढे घेऊन काकांकडे गेले होते. त्यांनी गुणपत्रिका चष्मा वर करून, खाली करून, क्लेमचा कागद तपासावा तशी तपासली. परत देताना म्हणाले, "खरी आहे. मंजूर."

मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली.