न लागलेला वणवा

हे मी कालपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. आणि तुम्ही तो फोटो पाहिला असेल, तर तुम्हीही फसला आहात — म्हणजे, मी फसवलंय.

शहापूरच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालेला फोटो. काळीठिक्कर जमीन, बोडकी ऐनाची झाडं, मधे कपाळाला हात लावून उकिडवी बसलेली म्हातारी. खाली मी लिहिलं होतं, ‘वणव्यानंतर’. लोक हळहळायचे. मला काय वाटायचं? छान वाटायचं, आता खोटं कशाला बोलू!

ती म्हातारी म्हणजे माझी काकी, धसईजवळच्या आमच्या गावातली. आणि ती जमीन म्हणजे तिचा राब. भात पेरण्याआधी आम्ही वाफ्यावर ऐनाच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा जाळतो, तो. ऐन मेले नव्हते. पावसात पुन्हा फुटतात. मला ठाऊक नव्हतं? लहानपणी त्या फांद्या मीच ओढत आणायचो. तरी मी तिच्या सुपात राख भरून पार बुंध्यांपर्यंत उधळली. काकीला हसू आवरत नव्हतं. पुन्हा पुन्हा बसवली, तेव्हा कुठे थकून तिचा चेहरा पडला.

इथवर एक वेळ थट्टा म्हणता येईल. पण — तेव्हा माझ्या पाठीमागे पोकलेन मशीन खरोखरच टेकडी खरवडत होतं, बंगल्यांच्या प्लॉटसाठी. जंगल तिथे जात होतं. मी कॅमेरा वळवला नाही. प्लॉटवाल्याच्या मुलीच्या लग्नाचं काम मला मिळालं होतं ना! आणि प्रदर्शनात कुणी विचारलं, वणवा लावतं कोण, तेव्हा काकीच्या फोटोपुढे उभा राहून मी म्हणालो, गावातलेच लावतात.

फोटो, खाली माझं ते वाक्य जोडलेला, मोबाईलवर फिरत गावात पोचला. धसईच्या बाजारात भाजी विकताना लोक काकीला ‘वणवेवाली’ म्हणू लागले. तिने माझं नाव कधी घेतलं नाही. मी मुरबाडला स्टुडिओत बसून हे ऐकत राहिलो.

काल गेलो. सगळं सांगितलं, टेकडीचंही. काकीने निवडायला घेतलेल्या शेंगा बाजूला सारल्या.

“राख उधळलीस ती मला ठाव हाय रे. पन गावातलेच लावतात, असं तू बोललास?”

“हो.”

“मंग बाजारात येऊन बोल. सगल्यांसमोर.”

आज तिच्या टोपलीशेजारी उभा राहून बोललो. कुणी हसलं, कुणी तोंड फिरवलं. काकी भाजी तोलत राहिली. पण काय सांगू, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

परतताना प्लॉटपाशी थांबून एक फोटो काढला. काही रचलं नाही. त्यात टेकडी नाही. ती होती, तेव्हा मी तिच्याकडे पाठ करून उभा होतो.