वाचणारीला शेंगा माफ

आज बाजारात भुईमुगाच्या टरफलांचा धुरळा नाकात गेला आणि मी थेट सीमाभागातल्या आमच्या मेहकर गावी, देशपांड्यांच्या अंगणात जाऊन बसले. निजामाचं राज्य होतं तेव्हा. उन्हाळा लागला की आमच्या घरातली ज्वारी संपायची, म्हणून आई आणि मी त्यांच्याकडं बियाण्याच्या शेंगा फोडायला जायचो.

त्या अंगणात एक रीत होती. जी वाचून दाखवील तिला शेंगा माफ. तिच्या वाटणीच्या आम्ही फोडायच्या. वाचायची कायम देशपांड्यांची सुमित्रा, कारण मामानं सोलापूरहून आणलेलं गोष्टीचं पुस्तक तिच्याकडंच होतं. माझ्या अंगठ्याची सालं निघायची आणि ती जिभेवर बोट टेकवून हळूच पान उलटायची. त्या बोटावर माझा जीव जळायचा.

एकदा धीर करून म्हणाले, "अक्का, जरा माझ्या हातात दे की."

"हात बघ आधी आपले! अन् धरून काय करणार? तुला वाचायला येतंय व्हय?"

सगळ्या बाया हसल्या. आईसुद्धा. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन बसले.

गोष्ट अर्ध्यात असतानाच सुमित्राक्काचं लग्न झालं आणि पुस्तक तिच्यासंगं हुमनाबादला गेलं.

त्याची दुसरी प्रत मला पुढं कॉलेजच्या लायब्ररीत सापडली. तिच्यासारखंच बोट ओलं करत मी शेवटच्या पानापर्यंत गेले. पण कानात आवाज मेलीचाच! आजही तो मला सोसत नाही.

त्याच वर्षी मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली.