मावशीच्या गाडीतला तेलाचा काटा

माझी मोठी मावशी डोंगराच्या अलीकडच्या दवाखान्यात नर्स होती. मोठं हॉस्पिटल डोंगराच्या पलीकडे. मध्ये घाट. अँब्युलन्स पलीकडून यायची, म्हणजे यायची तेव्हा यायची. शेवटी मावशीने एक जुनी लांब गाडी घेतली, मागची सीट काढून टाकली आणि तिथे गादी अंथरली. गाडीला लोक म्हातारी म्हणायचे. "म्हातारी असेल, पण पायांनी धड आहे," असं मावशी म्हणायची, आणि पेशंट घेऊन स्वतःच घाट चढायची. लग्न तिने केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणे, "वेळ झाला की करीन," आणि पुढच्या पेशंटला हाक मारी.

एका दुपारी सुताराच्या पायावर लाकडाचा ओंडका पडला. मावशीने पाय बांधला, त्याला गादीवर घेतलं आणि निघाली. घाटातलं शेवटचं मोठं वळण राहिलं असताना इंजिनातून आधी टकटक, मग खडखड ऐकू आली, आणि गाडी जागच्या जागी जाम झाली. मावशी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. बऱ्याच वेळाने एक ट्रक थांबला. सुतार हॉस्पिटलला पोचला, जगला, पण त्याचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. डॉक्टर इतकंच म्हणाले, "थोडं आधी आला असतात तर बघता आलं असतं."

मावशी सुताराला भेटायला गेली. बोलायचं बरंच ठरवून गेली होती, पण त्याची चादरच नीट करत राहिली. शेवटी सुतारच म्हणाला, "बाई, तुम्ही नसता तर मी ओंडक्याखालीच गेलो असतो. रडताय काय?" ती रडत नव्हती. तिचा जबडा आवळलेला होता.

दोरीला बांधून ओढत आणलेली गाडी आमच्या गॅरेजमध्ये आली. गॅरेज बाबांचं. बाबा म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणून ती त्यांना जावईबापू म्हणायची, आणि खूप चिडली की जरा जास्तच गोड आवाजात म्हणायची.

"जावईबापू, काय झालं ते मला उघडून दाखवा."

बाबांनी इंजिन उघडलं. आतल्या फिरत्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, बेअरिंगा जळून काळ्यानिळ्या पडल्या होत्या. तेलाला करपल्याचा वास येत होता.

"पण काटा तर मध्यावर होता! मी बघत होते ना."

"तो इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा काटा, ताई. लांबच्या चढावर पाणी ठीक राहतं आणि तेल तापत जातं. तापलं की पातळ होतं, पातळ झालं की बेअरिंगला धरत नाही. सासू हसतेय म्हणून सून खूश आहे असं थोडंच असतं?"

"मग सुनेलाही काटा बसवा."

बाबांना वाटलं, रागाच्या भरात बोलतेय, उतरेल राग. पण इंजिन नव्याने बांधून होईपर्यंत मावशीने मीटर आणि सेन्सर दोन्ही आणून त्यांच्या बाकावर ठेवले होते.

प्रश्न होता तो सेन्सर लावायचा कुठे. बाबांनी सोपा मार्ग धरला. इंजिनाच्या तळाशी तेलाचं चेंबर असतं, त्याच्या बुडाला तेल सोडायचा बोल्ट असतो. तो काढून त्याच जागी सेन्सर पिळला. भोक पाडायला नको, काही नको. काटा छान चालायला लागला. मावशी घाटातून जाऊन आली, तेलाचा आकडा घोकत आली.

पण आमच्याकडचे रस्ते काही सपाट नाहीत. थोड्याच दिवसांत मावशीला सकाळी गाडीखाली तेलाचं थारोळं दिसलं. बोल्टच्या जागी बोटभर खाली लोंबणाऱ्या सेन्सरला दगड लागला होता आणि तो मानेत चिरला होता. घाटात चिरला असता तर सगळं तेल रस्त्यावर गेलं असतं.

"माझं चुकलं," बाबा म्हणाले. "सगळ्यात खालची जागा निवडली मी."

"चुकलं तर चुकलं. आता कुठे लावताय?"

दुसऱ्यांदा बाबांनी वरची, सुरक्षित जागा पाहिली. ऑइल फिल्टरजवळ तेलाच्या दाबाचा स्विच असतो, तिथे एक छोटी नळी जोडून तिच्या टोकाला नवा सेन्सर बसवला. दगडाची भीती नाही, हात पोचतो, वायर लहान. बाबा खूश होते.

मावशी दोनदा घाट चढून आली आणि गॅरेजच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"जावईबापू, हा काटा फार गुणी आहे. खाली असताना सत्तर, माथ्यावर सत्तर, उन्हात सत्तर. इतक्या गुणी माणसांची मला भीती वाटते."

"ताई, इंजिन नवं बांधलंय. तापत नसेल."

"बघूया."

दवाखान्यात हत्यारं उकळायच्या यंत्रासाठी तारेचा एक लांब थर्मामीटर होता. तो घेऊन ती पुन्हा घाट चढली, या वेळी बाबांना शेजारी बसवून. माथ्यावर गाडी थांबवली. तेल मोजायची पट्टी काढून तिच्या नळीतून थर्मामीटरची तार आत सोडली. डॅशबोर्डवरचा काटा सत्तरवर. थर्मामीटर म्हणाला, एकशेपंचवीस.

बाबांनी बॉनेटखाली डोकं घालून नळी चाचपली. मग म्हणाले, "नळीत तेल वाहतच नाही. शिरतं आणि तिथेच बसून गार होतं. गल्लीच्या टोकाला उभं राहून बाजारातली गर्दी मोजतोय आपण."

"म्हणजे पेशंटच्या शर्टावर थर्मामीटर ठेवून ताप बघितला," मावशी म्हणाली. "काढा तो."

"आता चेंबर उतरवून, भोक पाडून, वेल्डिंग करावं लागेल. मोठं काम आहे."

"मग मोठं काम करा."

चेंबर उतरवलं. बाबांनी त्याच्या पुढच्या बाजूला, हात सहज पोचेल तिथे, खडूने गोल काढला. वेल्डिंगचं मशीन सुरू करणार, तेवढ्यात मावशीने खडू त्यांच्या हातातून घेतला.

"घाट चढताना गाडीचं नाक कुठे असतं?"

"वर."

"आणि तेल?"

मावशीने दवाखान्याचा स्टीलचा ट्रे आणला, त्यात पाणी ओतलं आणि एक बाजू उचलली. पाणी मागच्या टोकाला जमलं, पुढचा भाग कोरडा पडला.

"तुमचा सेन्सर चढावर हवेत लोंबकळणार, जावईबापू. नेमका जिथे मला आकडा हवाय तिथेच."

"मागे लावला तर उतरताना हवेत लोंबकळेल."

"उतरताना इंजिनाला कसलं ओझं? उतारावर मी ब्रेक सांभाळते, तेल नाही."

बाबांनी मान्य केलं, पण आपलाही हेका सोडला नाही. मागे हवं तर मागे, पण सायलेन्सरचा पाइप जातो त्या बाजूला नाही. पत्रा बाहेरून तापेल आणि खोटा आकडा येईल. तळाच्या थोडं वर, म्हणजे दगड लागणार नाही. आणि तेलाच्या पातळीच्या चांगलं खाली. मावशीचा खडूचा गोल त्यांनी पुसला आणि दुसरा काढला. मावशीने तो अंगठ्याएवढा आणखी मागे सरकवला. बाबांनी तो परत थोडा पुढे घेतला, कारण सेन्सरचं टोक आत फिरणाऱ्या क्रँकला लागता कामा नये. मग त्यांनी तिथे भोक पाडून सेन्सर तात्पुरता बसवला, त्याच्या टोकावर मऊ मेण लावून चेंबर चढवलं, हाताने इंजिन फिरवलं, पुन्हा उतरवून मेण बघितलं. मेण जसंच्या तसं. तेव्हा कुठे दोघांचं एकमत झालं. आई दारातून म्हणाली, "लग्नं याहून लवकर ठरतात."

पहिलं वेल्डिंग गळलं. रॉकेल भरून ठेवलं तर सांध्यावर थेंब आला. बाबांनी घासून पुन्हा केलं. सगळं जोडल्यावर काटा हलेचना. बाबांनी शिव्या घातल्या, मावशीने त्या ऐकू न आल्याचं दाखवलं. मग लक्षात आलं की तेल गळू नये म्हणून सेन्सरच्या आट्यांवर घट्ट गुंडाळलेल्या पांढऱ्या टेपमुळे तो चेंबरच्या पत्र्याला टेकतच नव्हता, त्याला अर्थिंग मिळत नव्हतं. टेप सोलून काढली, आणि काटा उठला. मावशीने परत तारेचा थर्मामीटर आणला. घाटाच्या माथ्यावर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. मग तिने डॅशबोर्डवर एकशेतीसच्या समोर नेलपॉलिशने लाल रेघ मारली. नेलपॉलिश माझ्या आईचं होतं.

त्या उन्हाळ्यात पोस्टमनच्या बायकोला दिवस भरायच्या आधीच रक्तस्राव सुरू झाला. मावशीने तिला गादीवर घेतलं, तिच्या आईला तिच्याजवळ बसवलं, पोस्टमनला पुढे. निम्मा घाट चढेपर्यंत काटा एकशेवीसच्या पुढे गेला. पाण्याचा काटा मध्यावर, निवांत.

मावशीने ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका केला. गियर खाली घेतला. भर उन्हात हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनाची थोडी तरी उष्णता आत ओढली जाईल, आणि सगळ्या काचा खाली केल्या.

"दाबा हो बाई!" पोस्टमन ओरडला. "बैलगाडी चालवताय का?"

"दाबलं तर इथेच बसू."

"तुम्हाला काही वाटतं की नाही? ती मरतेय मागे!"

मावशीने नजर काट्यावर ठेवली. नंतर तिने माझ्या आईला सांगितलं की त्या क्षणी पाय आपोआप खाली जात होता, आणि तो वर धरून ठेवायला मांडीतली सगळी ताकद लागत होती. काटा लाल रेघेच्या जरासा अलीकडे येऊन थरथरला आणि थांबला. मागून पोस्टमनच्या सासूचा आवाज येत होता, "डोळे उघडे ठेव गं, डोळे उघडे ठेव." मावशी त्याच संथ चालीने एकेक वळण घेत गेली. पोस्टमन हातांत तोंड लपवून बसला होता. माथा आला, रस्ता सपाट झाला, काटा हळूहळू खाली उतरला, आणि मग मावशीने गाडी अशी सोडली की पोस्टमनने दाराचं हँडल धरलं.

मुलगी झाली, ऑपरेशन करून. बायकोला रक्त द्यावं लागलं, पण ती वाचली. पोस्टमन बाहेरच्या बाकावर मावशीशेजारी येऊन बसला. मावशी म्हणाली, "चहा आण. दोन साखर."

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलमधून थेट गॅरेजला आली. बाबा कुणाच्या तरी गाडीखाली झोपले होते. त्यांच्या पायांशी उभी राहून तिने सगळी हकीकत सांगितली. बाबा तसेच सरपटत बाहेर आले, चेहऱ्यावर तेलाचे डाग आणि हसू.

"म्हणजे जागा बरोबर निवडली आपण."

"जागा बरोबर. आता तापतंय हे कळतं," मावशी म्हणाली. "पण कळून मी काय करते? पाय वर धरते आणि लोकांच्या शिव्या खाते. आता ते इतकं तापूच नये अशी सोय करा. तेल गार करायचा छोटा रेडिएटर मिळतो म्हणे."

बाबांचं हसू मावळलं. "ताई, त्याला पुढे जागा लागेल. जाळी कापावी लागेल, दोन नळ्या फिल्टरपासून पार पुढे न्याव्या लागतील..."

"हो ना," मावशी म्हणाली, आणि पर्स खुंटीला अडकवून, बाह्या वर सारून तिने बॉनेट उघडलं. "म्हणूनच सुट्टी टाकून आलेय."