राणे काकूंची काळी वायर

बसा, चहा घ्या. ही फजिती मी सांगायची की सुषमाने, यावरून आमच्या घरात कायम वाद असतो. ती सांगते तेव्हा लोक जास्त हसतात, म्हणून आज मीच आधी सांगून टाकतो.

आम्ही मुलुंडला, तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या दिवाळीत मोठा टीव्ही घेतला. माणसं आली, भिंतीवर बसवून गेली. टीव्ही झकास, पण खाली वायरींचा नुसता गुंता. सेट टॉप बॉक्सची वायर, इंटरनेटच्या डबीची, स्पीकरची, शिवाय एकदोन अशा की त्या कशाच्या हे घरात कोणालाच ठाऊक नाही. सुषमा लांबून बघत म्हणाली, "टीव्ही लावलाय की पेशंटला सलाईन?"

झालं. माझ्या मनाला लागलं ते.

एका रविवारी मी सकाळीच बाजारातून पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणल्या. त्यांच्या पोटात वायरी घालायच्या आणि वर झाकण लावायचं. खोटं कशाला सांगू, काम सुरेख होत होतं. एकेक वायर आत जात होती आणि माझी छाती फुगत होती. शेवटी एकच राहिली. बारीक, काळी. दारावरच्या भोकातून आत यायची, टीव्हीच्या मागून भिंतीने सरकायची आणि खिडकीवरच्या भोकातून बाहेर पळायची. आमच्या घरात कशालाच जोडलेली नाही. पाहुणी म्हणून यायची आणि चहा न घेता निघून जायची.

"ही कुठली गं?" मी विचारलं.

"मला काय माहीत? कोणाला तरी विचारा आधी," सुषमा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? कापतो. काही बंद पडलं तर कळेलच."

आता मला सांगा, यात चूक काय होती? शास्त्रशुद्ध पद्धत होती माझी. पक्कड घेतली, वायर तोडली, आणि घरभर फिरून आलो. टीव्ही चालू. इंटरनेट चालू. फ्रीज चालू. गीझरसुद्धा लावून बघितला. काहीही बंद पडलं नव्हतं. मग मी ती वायर ओढून काढली, दोन्ही भोकांत पुट्टी भरली, वरून रंगाचा हात दिला आणि जेवून मस्त झोपलो.

संध्याकाळी दारावर थापा पडल्या. वरच्या मजल्यावरची वैशाली उभी होती. वैशाली म्हणजे राणे काकूंची मुलगी. काकू ऐंशीच्या पुढच्या, गुडघ्यांनी घरात बसवलेल्या. मुलगा प्रसाद कॅनडात. त्याला मुलगी झाली होती आणि त्या दिवशी तिचं बारसं होतं. तिथे सकाळ, इथे संध्याकाळ. वैशाली आत्या, त्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. ती इथून बोलणार आणि तिकडे बाळाच्या कानाशी फोन धरणार, असं ठरलं होतं. वर अख्ख्या विंगच्या बायका नटून बसल्या होत्या.

"सुहासदादा, तुमचं नेट चालू आहे का रे? आमचं दुपारपासून बंद आहे. मोबाईलला तर घरात रेंजच नाही. आई रडायला लागलीय."

आमचं चालू होतं. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, देवाने आजच माझ्याकडून हॉल आवरून घेतला तो याचसाठी.

"सगळ्यांना खाली घेऊन ये," मी म्हणालो. "एवढा मोठा टीव्ही कशाला आहे? काकूंना नात दिसेल तरी नीट."

दोघांनी खुर्चीत बसवून काकूंना खाली आणलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सुहासा, देव तुझा बरा करो रे बाबा." माझे डोळे भरून आले. खरंच.

इथपर्यंत थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मला न्याय करायची हौस आली. राणेंचं नेट बंद पडलंच कसं? मला एकदम आठवलं, पहिल्या मजल्यावरच्या दळवींकडे त्या दिवशी एसी बसवत होते आणि दुपारभर ड्रिल चालू होतं. मी तडक खाली गेलो.

"दळवी, तुमच्या माणसांनी राणेंची वायर तोडलीय."

"आमच्या? अहो, ते तर बेडरूमच्या भिंतीला..."

"दुसऱ्याच्या वायरीला हात लावण्याआधी माणसाने विचारावं. तेवढा तरी सिव्हिक सेन्स पाहिजे ना? वर म्हातारी बाई रडतेय."

दळवी बिचारे सज्जन माणूस. त्यांचा चेहरा पडला. पाचच मिनिटांत ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन आमच्या घरी आले आणि सगळ्यांसमोर काकूंची माफी मागितली. मी बाजूला उभा राहून मोठ्या मनाने म्हणालो, "असू दे, होतं असं कधीकधी."

वैशालीच्या मोबाईलवरून कॉल लावला आणि तो टीव्हीला जोडला. टीव्हीवर प्रसाद, त्याची बायको, पाळणा, सगळं स्वच्छ. काकू पदराने डोळे पुसतायत. प्रसाद म्हणाला, "अगं आई, तू कुठे बसलीयेस? हे आपलं घर नाही."

"सुहासाकडे. आपला नेट बंद पडला."

मी पुढे झालो. म्हटलं, जरा हॉल दिसू दे पोराला. वैशालीच्या हातातून मोबाईल घेऊन सगळ्या भिंती फिरवून दाखवल्या. "बघ प्रसाद, एक वायर दिसतेय का?"

"वा, दादा. मस्तच." तो जरा पुढे वाकून बघायला लागला. "पण दादा, आमची कुठेय?"

"तुमची कुठली?"

"नेटची. काळी. जिन्यातला वायरींचा पाईप तुंबला होता म्हणून तुझ्या हॉलमधूनच वर नेली होती ना आपण? मी भोक पाडत होतो आणि तू स्टूल धरलं होतंस."

मंडळी, आवाज मी भरपूर वाढवून ठेवला होता. सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून.

मी पुट्टी भरलेल्या भोकाकडे बघितलं. माझं बघून सगळ्यांनी तिकडे बघितलं. दळवींनी समोरचा पेढ्यांचा बॉक्स उचलला, शांतपणे झाकण लावलं आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"खय गेली ती वायर, सुहासा?" काकूंनी विचारलं.

"काकू, ती... मी आवरली."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसायला लागल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. तिकडे कॅनडात त्या हसण्याने बाळ दचकून रडायला लागलं. त्या रडण्यातच वैशालीने नाव सांगितलं, बायकांनी 'कुर्रर्र' करून तिच्या पाठीत धपाटे घातले. दोनचार माझ्याही पाठीत बसले. ते जरा जोरात होते.

दुसऱ्या दिवशी नेटवाला आला. पाईप अजून तुंबलेलाच होता, म्हणून नवी वायरही आमच्याच हॉलमधून जाणार होती. मी पट्टी पुढे केली. सुषमाने ती माझ्या हातातून काढून घेतली.

तेव्हापासून आमच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवरून, टीव्हीच्या बरोबर वरून, एक काळी वायर उघडीच गेलेली आहे. घरी नवीन माणूस आला की त्याची नजर तिथेच जाते आणि तो विचारतो, एवढं सगळं झाकलंत, मग ही एकच का ठेवलीत बाहेर?

सुषमा चहाचा कप त्याच्या हातात देते आणि म्हणते, "ती होय? ती ह्यांची अक्कल आहे. आत ठेवली की सापडत नाही."